धाव घाली विठू: चोखोबांच्या फिर्यादीचं काय झालं?

एका माणसाला देवाच्या दारात मारहाण झाली. देवाच्या गळ्यातला हार त्याच्या गळ्यात दिसला, एवढं निमित्त पुरलं. मारणारे देवाचे पुजारी, मार खाणारा वेशीबाहेरच्या वस्तीतला. दाद मागायची तर कोणाकडे? पाटलाच्या वाड्यावर किंवा पंचांपुढे त्याच्या शब्दाला किंमत नव्हती. तिथे त्याने लांबून जोहार घालायचा आणि सांगितलेलं काम उचलायचं. मग ज्याचा हार, त्यालाच त्याने हाक मारली:

धांव घाली विठू आतां, चालूं नको मंद।
बडवे मज मारिती, ऐसा कांहीं तरी अपराध॥
विठोबाचा हार तुझे कंठीं कैसा आला।
शिव्या देऊनी म्हणती महारा, देव बाटविला॥

चोखामेळ्यांचा हा अभंग महाराष्ट्र जवळजवळ सातशे वर्षं गातो आहे. चाल लागली, टाळ वाजायला लागले की त्यातला मार ऐकू येईनासा होतो. मी स्वतः कीर्तनकार आहे, त्यामुळे हे अनुभवातून सांगतो. हा अभंग इथे गाण्यासाठी घेतलेला नाही. फिर्याद म्हणून तो वाचायचा आहे आणि त्या फिर्यादीचं पुढे काय झालं, ते जमेल तितकं नीट बघायचं आहे.

कारण एकच. अन्याय करणारा मोकळा फिरतो आणि सोसणारा माणूस विचारतो, ‘देव आहे तर हे असं कसं?’ तेव्हा आपल्याकडे एक उत्तर तयार असतं: देवाच्या काठीला आवाज नसतो. म्हणजे काठी पडतेच, फक्त ऐकू येत नाही. या प्रकरणात ती काठी पडली का? मी शोधली. मला ती सापडली नाही. आणि तरीही ज्याला मार पडला, त्याचा विठोबावरचा विश्वास तुटला नाही. हे कसं, हाच या प्रकरणाचा प्रश्न आहे.

माणूस आणि गाव

चोखोबांचं गाव मंगळवेढा. पंढरपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, ज्वारीच्या काळ्या रानांचा मुलूख. जन्म कुठला, यावर एकमत नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणाराजा हे त्यांचं जन्मगाव, असं तिकडची मंडळी मानतात. आयुष्य मात्र मंगळवेढा आणि पंढरपूर यांच्यामध्ये गेलं. नामदेव महाराज त्यांचे गुरू. घरात पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा. बहीण निर्मळा, तिचा नवरा बंका. ही सगळी माणसं अभंग रचणारी. गावाने ज्या घराची सावलीसुद्धा टाळली, त्या एका घरातून पाच संतकवी निघाले.

पोटापाण्याचं काम म्हणजे गावकी. मेलेली ढोरं ओढायची, वेशीवर राखण करायची, निरोप पोचवायचे, गावकुसाची डागडुजी करायची. मोबदला म्हणून उष्टं अन्न आणि बलुत्याचा वाटा. ‘जोहार मायबाप जोहार, तुमच्या महाराचा मी महार’ या अभंगात पुढे लगेच येतं, ‘बहु भुकेला जाहलों, तुमच्या उष्ट्यासाठी आलों’. हे संतांना उद्देशून रूपक म्हणून म्हटलेलं आहे, ते खरंच. पण ते रूपक ज्या रोजच्या भुकेतून उचललं, ती भूक रूपकातली नव्हती.

त्यांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. परंपरा सांगते की ते अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले. म्हणजे आपल्यापर्यंत आलेला पुरावा दुसऱ्याच्या हातून आणि नंतर कित्येक पिढ्यांच्या तोंडून आलेला आहे. हे लक्षात ठेवून पुढे जायचं.

फिर्याद वाचताना

अभंगात आरोप दोन आहेत आणि ते एका ओळीच्या अंतराने बदलतात. पहिला आरोप चोरीचा: विठोबाचा हार तुझ्या गळ्यात कसा आला? हा प्रश्न तरी आहे. याला उत्तर देता येतं, साक्ष काढता येते, निर्दोष ठरता येतं. दुसरी ओळ येते आणि प्रश्न संपतो: देव बाटवलास. आता हार कसा आला, हे कोणालाच ऐकायचं नाही. चोरीचा आळ खोटा ठरवता येईल, पण बाटवल्याचा आरोप खोटा ठरवणार कसा? तिथे आरोपीचा जन्म हाच पुरावा. तो तिथे पोचला, एवढ्यानेच गुन्हा शाबीत. ज्यांनी कोणी कधी खोट्या आळाचा चटका सोसला आहे, त्यांना हा बदल ओळखीचा वाटेल. सुरुवात कुठल्या तरी वस्तूपासून होते आणि शेवटी ‘तुम्ही लोक असेच’ यावर येऊन थांबते.

पहिल्या कडव्यातला ‘कांहीं तरी अपराध’ बघा. माझं नेमकं काय चुकलं, हे मार खाणाऱ्यालाही ठाऊक नाही. काहीतरी असेल म्हणे.

आणि मागणी काय आहे? मी हा अभंग पुन्हा पुन्हा वाचला तो यासाठी. चोखोबा बडव्यांना शिक्षा कर, असं कुठेच म्हणत नाहीत. त्यांचे हात झडोत, असं म्हणत नाहीत. ते विठ्ठलाला म्हणतात, धाव, आणि वर त्याला टोकतात: चालू नको मंद. तू सावकाश चालतो आहेस, हे मला दिसतंय. दैवताला ‘तू उशीर करतो आहेस’ असं तोंडावर सांगणं ही लहान गोष्ट नाही. अभंगाच्या शेवटी ते हात जोडून सांगतात, बोललो त्याचा राग धरू नकोस. स्वतःला त्याच्या दारचं कुत्रं म्हणवतात. मार खाऊन वर माफी मागणारा हा माणूस वाचताना माझ्या घशात काहीतरी अडकतं. पण माफी मागितली तरी तक्रार मागे घेतलेली नाही, हेही दिसलं पाहिजे. ती तशीच उभी आहे.

मागाहून आलेले बैल

कीर्तनात हे प्रकरण इथे थांबत नाही. पुढची कथा अशी: चोखोबांना शिक्षा ठरली, बैलांच्या पायाला बांधून ओढायचं. बैल जुंपले, चाबूक ओढले, पण बैल हलेनात. बघतात तर प्रत्यक्ष विठ्ठल शिंगं धरून उभा. दुसरी कथा दह्याची: देव चोखोबांकडे जेवायला आला, सोयराबाई वाढत असताना त्याच्या पीतांबरावर दही सांडलं, त्यावरचं चोखोबांच्या तोंडचं बोलणं ऐकून पुजाऱ्याने त्यांच्या थोबाडीत मारली आणि देवळात येऊन पाहतो तर मूर्तीचा गाल सुजलेला. संतचरित्रकार महिपतींनी 1762 मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त चोखोबांचं चरित्र अशाच चमत्कारांनी भरलेलं आहे. चोखोबांनंतर चार शतकांहून अधिक काळ गेल्यावर.

या कथांची मी टिंगल करणार नाही. लहानपणी त्या ऐकूनच मी या वाटेला लागलो. ज्या समाजाने चोखोबांना आत येऊ दिलं नाही, त्याच समाजाच्या मनाला पुढे कधीतरी टोचणी लागली आणि त्या टोचणीतून मूर्तीचा गाल सुजला, असं मी मानतो. पण प्रकरण म्हणून पाहताना एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. चोखोबांच्या स्वतःच्या अभंगात बैल नाहीत. शिंगं धरायला कोणी आलेलं नाही. तिथे फक्त हाक आहे.

कथेतला चमत्कार ऐकणाऱ्याला समाधान देतो आणि घरी पाठवतो. पण ज्याच्यावर आज अन्याय चालू आहे, तो मंडपातून उठताना मनात म्हणतो, माझे बैल कुठे आहेत? चोखोबा मोठे भक्त होते म्हणून देव धावला, माझी भक्ती कमी पडली असेल. म्हणजे आधी अन्यायाचा मार, वर भक्ती कमी पडल्याचा ठपका. हा ठपका आम्ही कीर्तनकार नकळत ठेवतो आणि तो चुकीचा आहे.

भिंत

प्रकरणाचा शेवट परंपरेने जपला आहे आणि त्यात चमत्काराला कोणीही फारशी जागा ठेवलेली नाही. शके 1260, म्हणजे इसवी सन 1338. मंगळवेढ्याचं गावकूस बांधायचं काम निघालं. वेठबिगारीने माणसं धरून आणली, त्यांत चोखोबा. काम चालू असताना भिंत कोसळली आणि खालची माणसं दगडमातीत गाडली गेली. चोखोबा तिथेच गेले.

देवळात मार खाणारा माणूस शेवटी गावाच्या रक्षणासाठी बांधल्या जाणाऱ्या भिंतीखाली मेला, आणि ते गाव त्याला त्या भिंतीच्या आत राहू देत नव्हतं. मजुरी नाही, नकार द्यायची सोय नाही. भिंत कच्ची कशी राहिली, कोणी घाई केली, कोणाला जाब विचारला, याचा एक शब्दही कुठे उरलेला नाही. वेठीला धरणाऱ्याचं नावसुद्धा नाही. त्याला शिक्षा झाली, अशी कथा रचायचीही कोणाला गरज वाटली नाही.

बातमी पंढरपूरला पोचली. नामदेव मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यातून हाडं निघत होती, ओळख कशी पटणार? तर ज्या अस्थींतून ‘विठ्ठल विठ्ठल’ असा नाद ऐकू आला, त्या चोखोबांच्या, असं नामदेवांनी ओळखलं. त्या त्यांनी उराशी धरून पंढरपूरला आणल्या आणि विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर पुरल्या. आजही नामदेव पायरीसमोर ती समाधी आहे. ‘चोखा माझा जीव, चोखा माझा भाव, कुळधर्म देव चोखा माझा’ असं नामदेव म्हणाले ते या माणसासाठी.

त्या ढिगाऱ्यात दुसरीही हाडं होती. ती कोणाची, कोणाच्या घरी सुतक लागलं, काही कळायला मार्ग नाही. मला ती विसरता येत नाहीत. नाद ऐकू न आलेल्यांवरचा अन्याय काही कमी नव्हता.

आता हिशेब मांडू. मारहाण झाली, शिक्षा कोणाला नाही. वेठ झाली, शिक्षा कोणाला नाही. मृत्यू झाला, तेच. आणि ज्या दाराशी हे सगळं सुरू झालं, ते दार पुढेही बंदच राहिलं.

मग विश्वास कशावर?

एक उत्तर चोखोबांच्याच नावावर सापडतं आणि ते मला पटत नाही. ‘शुद्ध चोखामेळा, करी नामाचा सोहळा’ या अभंगात पुढे म्हटलं आहे की पूर्वजन्मी कृष्णाची निंदा घडली, म्हणून हा जन्म मिळाला. हा विटाळ पूर्वीचं फळ. हे शब्द चोखोबांचेच असतील, कदाचित मागाहून कोणीतरी घातलेही असतील. त्यांचेच असतील तर मी त्यांना दोष देत नाही. जन्मभर ज्याच्या कानावर एकच स्पष्टीकरण पडलं, तो कधीतरी ते स्वतःच्या तोंडून बोलेलच. पण आजच्या व्यासपीठावरून अन्याय सोसणाऱ्याला ‘तुझं प्रारब्ध’ म्हणून सांगणं हे बडव्यांचंच काम पुढे नेणं आहे. बडव्यांनी ‘ऐसा कांहीं तरी अपराध’ म्हटलं होतं. आपण तो अपराध मागच्या जन्मात शोधून त्यांच्या हाती देतो.

हे उत्तर चोखोबांच्या घरातच टिकलं नाही, हे विशेष. सोयराबाई म्हणतात:

देहासी विटाळ म्हणती सकळ।
आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध॥
देहींचा विटाळ देहींच जन्मला।
सोवळा तो झाला कवण धर्म॥

विटाळाशिवाय कोणाचाच देह जन्मत नाही, मग सोवळं कोण? यात विनवणी नाही, रडणं नाही. वादात समोरच्याला निरुत्तर करणारा हा सरळ प्रश्न आहे. आणि चोखोबा स्वतःही एरवी म्हणतातच, ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा’.

माझ्या मते प्रकरणाची किल्ली इथे आहे. चोखोबांवरचा अन्याय साधा नव्हता, तो देवाच्या नावाने झाला. बडव्यांचं म्हणणं होतं, देव आमचा आणि तुझ्या स्पर्शाने तो बाटतो. अशा वेळी चोखोबांपुढे दोन सोप्या वाटा होत्या. बडव्यांचं खरं मानून गप्प राहायचं, नाहीतर असल्या देवाला कायमचा रामराम ठोकायचा. त्यांनी तिसरंच केलं. बडव्यांनी ज्या देवाचं नाव घेऊन मारलं, त्याच देवाला त्यांनी आपल्या बाजूचा म्हणून हाक मारली. ‘मज दूर दूर हो म्हणती, तुज भेटूं कवण्या रीती’ असं ते विचारतात, तेव्हा दूर हो म्हणणारे आणि भेटू इच्छिणारा विठ्ठल यांत त्यांनी स्पष्ट रेघ ओढलेली आहे. ते म्हणतात लोक. तू म्हणत नाहीस. झालं ते तुझ्या मर्जीने झालं, असं ते एकदाही कबूल करत नाहीत.

विश्वास म्हणजे शिक्षा होणारच याची खात्री, असं धरलं तर चोखोबांपाशी तो होता असं दाखवता येणार नाही. त्यांच्यापाशी होती ती दुसरी खात्री: हा अन्याय विठ्ठलाचा नाही. ती पक्की असल्याशिवाय कोणी तक्रार घेऊन त्याच्याच दाराशी जात नाही. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही, त्याला कोणी ‘उशीर का करतोस’ म्हणून टोकतही नाही.

नामदेवांचं वागणंही याच प्रकरणाचा भाग आहे, त्यावर कमी बोललं जातं. विठ्ठलाने शिंगं धरली की नाही, माहीत नाही. नामदेवांनी हाडं वेचली, हे परंपरा एकमुखाने सांगते. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात वेठीला मेलेल्या महाराच्या अस्थी हातात घेऊन यायच्या आणि देवाच्या दारासमोर ठेवायच्या, म्हणजे पंढरपूरच्या तोंडावर साक्ष ठेवण्यासारखं होतं. त्याने अन्याय मिटला नाही, पण तो विसरायची सोय उरली नाही. येणाऱ्या प्रत्येक वारकऱ्याला त्या समाधीवरूनच पुढे जावं लागतं.

सहाशे नऊ वर्षं

1338 पासून 1947 पर्यंत अस्पृश्य मानलेल्या जातींच्या वारकऱ्यांची वारी त्या समाधीपाशीच संपायची. आषाढीला शेकडो मैल चालून यायचं, चोखोबांच्या समाधीला डोकं टेकायचं, लांबून कळस बघायचा आणि परत फिरायचं. ज्याला आत जाऊ दिलं नाही, त्याची समाधीच पुढच्यांची हद्द बनली.

साने गुरुजींनी हे दार उघडावं म्हणून आधी महाराष्ट्रभर दौरा केला, सभा घेतल्या, गावोगावची देवळं आणि विहिरी खुल्या करायला लोकांना विनवलं. 1 मे 1947 ला ते पंढरपुरात उपोषणाला बसले. जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठाने, म्हणजे वारकऱ्यांमधल्याच एकाने. विरोध करणाऱ्यांतही वारकरी होतेच. 10 मे रोजी मंदिर खुलं करायचं ठरलं आणि उपोषण सुटलं.

याला ‘देवाने अखेर न्याय केला’ म्हणायचं का? मला नाही म्हणवत. पाठीवर फटके पडत असताना ‘धाव’ म्हणणाऱ्याला सहाशे नऊ वर्षांनी दिलेलं उत्तर हे त्याच्या हाकेचं उत्तर नव्हे. मधल्या पंचवीसेक पिढ्या परत फिरल्या, त्यांचं काय? पण हे सगळं देवावाचून घडलं, असंही मला म्हणवत नाही. गुरुजी विठोबाचं नाव घेऊनच उपाशी राहिले. हा अन्याय विठ्ठलाचा नाही, ही चोखोबांची खात्री त्यांच्यापर्यंत पोचली होती. फरक इतकाच की आता हाक मारणारा दाराच्या आतल्या बाजूच्या समाजातला होता. ही खात्री सहाशे वर्षं अभंगांनी जिवंत ठेवली, असं मी मानतो. हिशेब पूर्ण झाला, असं मात्र मानत नाही.

बडव्यांच्या वंशपरंपरागत हक्कांचंही सांगून टाकतो. राज्याने 1973 मध्ये कायदा करून ते हक्क रद्द केले, वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले आणि जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडव्यांचा आणि उत्पातांचा (रुक्मिणीच्या पुजारी घराण्यांचा) दावा फेटाळला. तेव्हा ‘चोखोबांना न्याय मिळाला’ असं म्हणणारे भेटले. मला ते रुचलं नाही. चौदाव्या शतकातल्या माराची शिक्षा एकविसाव्या शतकातल्या कुटुंबांना होणं हा न्याय नव्हे. मंदिराचा कारभार कोणा घराण्याच्या मालकीचा नसावा, हे योग्यच झालं. त्याला चोखोबांच्या पाठीवरच्या वळांची भरपाई म्हणू नये.

सोडून गेलेल्यांची बाजू

हे प्रकरण वारकऱ्याने लिहायचं आणि डॉ. आंबेडकरांपाशी थांबायचं नाही, हा अप्रामाणिकपणा होईल. 1930 मध्ये नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी त्यांनी सत्याग्रह सुरू केला, दार वर्षानुवर्षं उघडलं नाही. 1935 ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, 1956 ला नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. भक्तीने संत देवापुढे सरळ उभे राहिले, पण गावात माणूस माणसाच्या बरोबरीला आला नाही, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा. या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण मंगळवेढ्याची भिंत त्यांच्या बाजूने साक्ष देते. ‘धाव’ म्हणत दाराशी उभं राहायचं किती? ज्या घरांनी ते दारच सोडलं आणि स्वतःची वाट धरली, त्यांना चोखोबांच्या सोशिकपणाचा दाखला देण्याचा अधिकार आम्हाला नाही. तो दाखला देणारे बहुतेक वेळा स्वतः काही सोसत नसतात.

आणि त्याच बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला 1948 सालचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघा संतांच्या स्मृतीला अर्पण केला. वाट वेगळी धरली, माणसाचं मोल नाकारलं नाही.

कर्ममेळ्याची ओळ

प्रकरणातला शेवटचा साक्षीदार चोखोबांचा मुलगा. कर्ममेळ्याने बापाचा मार पाहिला असणार, घरातली भूक तर रोजचीच. त्याचा अभंग आमच्या कीर्तनांत फारसा निघत नाही:

आमुची केली हीन याती।
तुज कां न कळे श्रीपती॥
जन्म गेला उष्टें खातां।
लाज न ये तुमचे चित्ता॥

बाप म्हणाला, राग नसावा. मुलगा म्हणतो, तुला लाज कशी वाटत नाही? इथे बडवे मधे नाहीतच. आरोपीच्या पिंजऱ्यात थेट श्रीपती. ही अश्रद्धा आहे, असं वारकरी परंपरेने मानलं असतं तर हा अभंग गाळणं सोपं होतं. तो गाळला नाही. ज्या गाथेत बापाची विनवणी छापली जाते, तिच्यातच मुलाचा हा सवालही छापला जातो आणि दोघांनाही संत म्हटलं जातं.

मागे एकदा कीर्तन उरकल्यावर एक ताई थांबून राहिल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तीत सातबाराचा उतारा आणि फेरफाराची नक्कल. नवरा गेल्यावर दिराने वारसनोंद करून घेतली आणि तीत यांचं व मुलींचं नाव आलंच नाही. तोच दीर गावच्या सप्ताहात पहिल्या पंगतीला वाढायला उभा. ताईंनी विचारलं, ‘महाराज, देव बघतोय ना?’ मी काठीच्या आवाजाची म्हण तोंडाशी आलेली गिळली. म्हटलं, ‘बघतो. पण नुसतं बघतो म्हणून गप्प बसू नका. चोखोबा बसले नव्हते.’ आणि त्यांना कर्ममेळ्याचा अभंग वाचून दाखवला.

त्या दचकल्या. ‘देवाला असं बोललेलं चालतं?’

मी गाथेतलं पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते बोट फिरवत दोनदा वाचलं आणि मग पिशवीतून फेरफाराची नक्कल काढून माझ्यापुढे ठेवली: यावर तारीख कुठे असते, म्हणून. ओळखीच्या एका वकिलांकडे त्यांना घेऊन गेलो. अपिलाची मुदत उलटली होती, म्हणून विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडून प्रांतांकडे अपील केलं. दिराने वकील दिला आहे, तारखा पडताहेत. निकाल काय लागेल, मी त्यांना सांगितलेलं नाही. सप्ताहाला त्या येतात आणि त्या पंगतीला बसत नाहीत.